महागड्या ब्रँडने स्वस्त म्युझिक प्लेअर काढावा का? कात्री कुठे लावायची, कुठे नाही

प्रश्न असा आहे: ज्या कंपनीचे म्युझिक प्लेअर वीस-पंचवीस हजारांपासून पुढे लाख-दोन लाखांपर्यंत विकले जातात, तिने पाच-सहा हजारांतला, खिशात मावणारा प्लेअर बाजारात आणावा का? नाव खराब होईल का, महाग मॉडेलची विक्री घटेल का, आणि प्रत्येकाच्या हातात फोन असताना तो घेणार कोण?

माझं उत्तर 'हो' आहे, पण एका अटीवर. किंमत उतरवण्यासाठी सोयी कमी करा, हव्या तर निम्म्याहून कमी ठेवा. मात्र जी सोय ठेवाल ती महाग मॉडेलइतकीच चोख चालली पाहिजे. बहुतेक कंपन्या नेमकं उलटं करतात. रंगीत टचस्क्रीन, ब्लूटूथ, एफएम, व्हिडिओ, रेकॉर्डिंग, सगळं ठेवतात आणि प्रत्येकाचा दर्जा थोडा थोडा उतरवतात. खोक्यावरची यादी भरगच्च दिसते, पण वस्तू हातात आल्यावर दहा मिनिटांत कळतं की यातलं धड एकही चालत नाही. स्वस्तातल्या ब्रँडला हे खपून जातं. महागड्या ब्रँडला नाही, कारण त्याचं नाव बघूनच माणूस दुकानात आलेला असतो.

या बाबतीत सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण ॲपलचं आहे, आणि ते नीट पाहण्यासारखं आहे. पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ ला आला. किंमत ३९९ डॉलर, आत ५ जीबीची तोशिबाची १.८ इंची हार्डडिस्क. जानेवारी २००४ मध्ये २४९ डॉलरचा, ४ जीबीचा आयपॉड मिनी आला. त्या काळी शंभर-दीडशे डॉलरच्या पट्ट्यात इतर कंपन्यांचे फ्लॅश मेमरीवाले प्लेअर होते. त्यांना दोन ओळींचा बारीक डिस्प्ले असायचा आणि त्यावर गाणं शोधणं म्हणजे शिक्षाच. ११ जानेवारी २००५ ला ॲपलने आयपॉड शफल काढला: ५१२ एमबी ९९ डॉलरला, १ जीबी १४९ डॉलरला, वजन २२ ग्रॅम, बॅटरी १२ तास. त्यात डिस्प्लेच नव्हता.

निर्णय इथे झाला. ९९ डॉलरात जो डिस्प्ले बसला असता तो वाईटच असता, म्हणून तो अख्खा काढून टाकला. १२० गाण्यांत शोधायचं काय, हा त्यामागचा हिशोब. ॲपलचं संगणकावरचं सॉफ्टवेअर आयट्यून्स आपणच गाणी निवडून प्लेअर भरायचं, उलटसुलट क्रमाने वाजवायचं किंवा यादीप्रमाणे, एवढ्या दोनच गोष्टी. यूएसबीचं टोक प्लेअरलाच होतं, म्हणजे वेगळी केबल नको. आवाज, बटणांचा स्पर्श, संगणकाला जोडल्यावर गाणी भरण्याची सहजता, यांना मात्र हात लावला नाही. परिणामी तो हातात घेणाऱ्याला 'गरिबांचा आयपॉड' वाटला नाही. ती एक वेगळी वस्तू होती, आणि मोठा आयपॉड असलेले लोकही धावायला जाताना वापरायला तो घेऊ लागले.

त्याच शफलची उलटी बाजूही पाहा. मार्च २००९ मध्ये तिसरी आवृत्ती आली. तिच्या अंगावरची बटणंच काढली आणि नियंत्रण इअरफोनच्या वायरीवर नेलं. वस्तू आणखी छोटी आणि दिसायला देखणी झाली, पण आपल्या आवडीचा साधा हेडफोन लावला की आवाज कमीजास्त करता येईना, गाणं पुढे सरकवता येईना. त्यासाठी बटणं असलेला खास इअरफोन किंवा वेगळं अडॅप्टर घ्यायचं. म्हणजे ७९ डॉलरच्या प्लेअरवर वरखर्च आला. सप्टेंबर २०१० मध्ये ४९ डॉलरच्या चौथ्या आवृत्तीत ॲपलला बटणं परत आणावी लागली. डिस्प्ले काढला तेव्हा कोणाचं अडलं नव्हतं, बटणं काढली तेव्हा अडलं. ज्यावाचून प्लेअर वापरताच येत नाही ते काढायचं नाही, ही सीमारेषा या दोन आवृत्त्यांच्या मध्ये स्पष्ट दिसते. शफल आणि ॲपलचाच दुसरा छोटा प्लेअर नॅनो पुढे जुलै २०१७ मध्ये बंद झाले, तेही फोनमुळे, स्वस्त असल्यामुळे नव्हे.

सोनीचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावं. १९७९ च्या १ जुलैला ३३,००० येनचा पहिला वॉकमन विकायला आला आणि पुढे त्याच नावाखाली साध्या प्लास्टिकच्या मॉडेलपासून सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या, सुमारे ३,२०० डॉलरच्या एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेडपर्यंत सगळं विकलं गेलं. एवढा पल्ला एका नावाने पेलला. सोनीची गाडी अडली ती सॉफ्टवेअरवर. २००४ चा एनडब्ल्यू-एचडी१ हा हार्डडिस्कवाला वॉकमन एमपीथ्री थेट वाजवत नव्हता. गाणं आधी सोनिकस्टेज या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून सोनीच्या ॲट्रॅक या स्वतःच्या फाइल-प्रकारात बदलून घ्यावं लागे. घडण उत्तम, बॅटरी उत्तम, पण गाणी चढवण्याचा वैताग. त्या मॉडेलची किंमत कमी असती तरी हा वैताग गेला नसता.

आता आजचा बाजार. स्वस्त प्लेअरची खरी स्पर्धा दुसऱ्या स्वस्त प्लेअरशी नाही, फोनला वायरचा हेडफोन जोडून देणाऱ्या बोटभर डॉंगलशी आहे. ॲपलचं यूएसबी-सी ते ३.५ मिमी अडॅप्टर अमेरिकेत ९ डॉलरला मिळतं आणि मोजमापात ते भल्याभल्या प्लेअरच्या तोडीचं आहे. तेव्हा 'आमचा पाच हजारांचा प्लेअर फोनपेक्षा चांगला वाजतो' हा दावा करूच नये. हजार रुपयांचं डॉंगल तो खोडून काढेल. आवाज डॉंगलइतका चांगला असणं ही किमान पात्रता धरा. विकायचं ते दुसरंच: इंटरनेट नाही, मध्येच कॉल नाही, खिशात हात घालून न बघता दाबता येणारी बटणं, सदऱ्याला अडकवता येणारी क्लिप, फोनची बॅटरी न खाणारा सोबती. सकाळी फिरायला जाणारे, व्यायाम करणारे, मुलांच्या हातात फोन न देऊ पाहणारे पालक, आणि ज्यांना ॲप-पासवर्डच्या भानगडीत पडायचं नाही असे ज्येष्ठ, हे गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे याचा पुरावाही आहे. सारेगामाने २०१७ मध्ये ५,००० गाणी भरलेला कारवाँ ५,९९० रुपयांना आणला, पुढे त्याची मराठी आवृत्तीही काढली. तो खिशातला प्लेअर नाही, स्पीकर आहे, आणि गाण्यांचे हक्क कंपनीचे स्वतःचे होते. पण 'बटण दाबलं की गाणं' एवढ्यासाठी लोक सहा हजार मोजतात हे त्याने दाखवून दिलं.

पैशांचा हिशोब मांडून पाहू, कारण घोडं इथेच पेंड खातं. छापील किंमत ६,००० धरू. त्यातून १८ टक्के जीएसटी वजा केला की उरतात ५,०८५. वितरक आणि दुकानदार किंवा ऑनलाइन विक्रेता यांचं मिळून २२ टक्के धरलं तर कंपनीच्या हाती ३,९६६. यातून वॉरंटीची तरतूद १६०, वाहतूक आणि खोकं १५०, जाहिरात ४००, कंपनीचा नफा ७९०. साचे, प्रमाणपत्रं आणि फर्मवेअर (प्लेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) लिहिण्याचा खर्च दीड कोटी धरला आणि ५०,००० नग विकले तर प्रत्येकी ३००. सगळं वजा जाता सुटे भाग आणि जुळणी यांसाठी साधारण २,१६० रुपये उरतात. प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण चित्र हेच राहील: ग्राहकाने दिलेल्या रुपयातले ३६ पैसे प्रत्यक्ष वस्तूत जातात.

आता ५०,००० ऐवजी ५,००० च नग विकले गेले तर काय होईल ते बघा. साचे-फर्मवेअरचा वाटा नगामागे ३०० वरून ३,००० होतो आणि सगळा हिशोब कोसळतो. महाग प्लेअरमध्ये हा खर्च किमतीत जिरतो, स्वस्तात नाही. म्हणून 'थोडे नग काढून बघू' हे धोरण स्वस्त प्लेअरला लागूच पडत नाही. एक तर पूर्ण ताकदीने उतरा, नाही तर आपल्या महाग मॉडेलची चिप, फर्मवेअर आणि हेडफोन सर्किट जसंच्या तसं उचलून नवा खर्च फक्त बाहेरच्या कवचाच्या साच्यापुरता ठेवा. मला दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

या २,१६० रुपयांत आखूडशिंगी, बहुदुधी असं काही होणार नाही. टचस्क्रीन काढा. अँड्रॉइड काढाच. सोनीचा अँड्रॉइडवाला एनडब्ल्यू-ए१०५ भारतात २०२० च्या सुरुवातीला २३,९९० रुपयांना आला होता, त्या किमतीत अँड्रॉइड कसाबसा परवडतो. सहा हजारांत बसवायचा तर जुना प्रोसेसर आणि तुटपुंजी रॅम घ्यावी लागते, दोन वर्षांत स्ट्रीमिंगची ॲप चालेनाशी होतात आणि शिव्या ब्रँडला बसतात. शिवाय अँड्रॉइड काही न वाजवताही बॅटरी पीत राहतो. साध्या मायक्रोकंट्रोलरवर (एक ठरलेलं काम करणाऱ्या छोट्या चिपवर) चालणारा प्लेअर वाजताना २५ ते ३० मिलिॲम्पियर प्रवाह घेतो, त्यामुळे ४०० मिलिॲम्पियर-तासाची इवलीशी बॅटरी १३ ते १६ तास पुरते. लहान बॅटरी म्हणजे लहान आणि हलका प्लेअर, आणि तेच तर विकायचं आहे.

कात्री कुठे लावायची नाही, तर पहिली जागा हेडफोनची. इथे शंभर-सव्वाशे रुपये वाचवण्याच्या नादात प्लेअरची माती होते. जुन्या पद्धतीच्या सर्किटमध्ये ॲम्प्लिफायर आणि हेडफोनच्या मध्ये एक कपॅसिटर (स्थिर वीज अडवून आवाजाची वीज पुढे सोडणारा भाग) असतो. तो जितका लहान तितका खर्जाचा आवाज कापला जातो. १६ ओहम रोधाच्या (विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या) इअरफोनला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर ४५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४५ कंपनांच्या खर्जाला, आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो, हे चालतं. जागा वाचवायला १०० मायक्रोफॅरड लावला की तीच उतरण १०० हर्ट्झवर येते, आणि ४७ लावला तर २१० हर्ट्झवर. डग्ग्याची घुमक आणि ढोलाचा ठोका याच पट्ट्यात असतो. मग तबला नुसता चाटीवर वाजतोय असं वाटतं. गंमत म्हणजे तोच प्लेअर कारखान्यात तपासताना हेडफोन न लावता, दहा हजार ओहमच्या मापन यंत्राला जोडून तपासला तर आलेख सरळ रेषेत येतो, कारण एवढ्या मोठ्या रोधाला कपॅसिटर अडवत नाही. तेव्हा तपासणी १६ ओहमचा भार लावूनच करायची, हे करारात लिहून घ्या. कपॅसिटरच नको असेल तर आतल्या आत ऋण व्होल्टेज तयार करणारा ॲम्प्लिफायर घ्या. तो थोडा महाग पडतो, पण जागा वाचते आणि हा प्रश्नच मिटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्लेअरचा स्वतःचा आउटपुट रोध. काही कारखाने शॉर्टसर्किटपासून बचाव म्हणून जॅकच्या आधी १० ओहमचा रेझिस्टर टाकतात, दोन-चार पैशांत काम होतं. पण आजकालच्या चांगल्या इअरफोनचा रोध स्वराप्रमाणे बदलतो, समजा एका ठिकाणी ८ ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी ४०. मधल्या १० ओहममुळे या दोन स्वरांच्या पातळीत ५ डेसिबलचा फरक पडतो आणि इअरफोनचा स्वभावच बदलतो. तोच रोध १ ओहम असेल तर फरक पाऊण डेसिबलच्या आसपास राहतो, म्हणजे जवळपास ऐकू येत नाही. महागडा इअरफोन असलेला माणूस हा स्वस्त प्लेअर 'दुसरा' म्हणून घेणार आहे हे विसरू नका. तोच हा दोष पहिल्यांदा पकडेल.

तिसरी गोष्ट फुसफूस. १ मिलिवॉटला ११० डेसिबल देणाऱ्या १६ ओहमच्या इअरफोनवर १० मायक्रोव्होल्टचा गोंगाट २८ डेसिबलच्या आसपास ऐकू येतो. रात्री शांत खोलीत दोन गाण्यांच्या मध्ये तो जाणवणारच. ३ मायक्रोव्होल्टवर आणला की साडेसतरा डेसिबल, म्हणजे कानाआड. यासाठी महाग चिप लागत नाही. डिस्प्लेच्या दिव्याचा वीजपुरवठा आणि ऑडिओचा वीजपुरवठा वेगळे ठेवणं आणि सर्किट बोर्डवर ग्राउंड नीट आखणं पुरतं. म्हणजे इथे पैसा नाही, अनुभवी इंजिनिअरचे चार दिवस लागतात, आणि महागड्या ब्रँडकडे तो इंजिनिअर पगारावर आहेच. युरोपात विकायचं असेल तर तिथल्या आवाज-मर्यादेच्या नियमाचाही विचार हवा: इअरफोनशिवाय विकलेल्या प्लेअरला १५० मिलिव्होल्टची मर्यादा लागते, आणि तीच फर्मवेअर जगभर पाठवली की जास्त रोधाच्या हेडफोनवर आवाज किरकोळ येतो. प्रदेशानुसार दोन आवृत्त्या पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता फर्मवेअर. स्वस्त प्लेअर सर्वांत जास्त इथे मार खातात, आणि मराठी ऐकणाऱ्याला तर ते पहिल्याच मिनिटाला दिसतं. गाण्याचं नाव देवनागरीत असलं की चौकोन येतात किंवा अक्षरं फुटतात. कारण दोन आहेत. एक म्हणजे फर्मवेअरमध्ये फॉन्ट असतो, पण अक्षरं जुळवणारं इंजिन नसतं. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्या संगणकात साठवण्याच्या पद्धतीत) 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी येते. ती दाखवताना क च्या आधी काढावी लागते. जुळवणी न करणारा प्लेअर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेऊन बसवतो. 'ज्ञानेश्वर' मधला ज्ञ फुटून पाय मोडलेला ज आणि ञ वेगवेगळे दिसतात. 'कऱ्हाड' मधला अर्धा र तर बऱ्याच हिंदी-केंद्री फॉन्टमध्ये नीट नसतोच. हार्फबझ हे जुळवणीचं इंजिन मुक्त स्रोत आहे, मोफत आहे; त्याला थोडी रॅम लागते, तेवढी चिप निवडतानाच धरून ठेवायची.

दुसरं कारण लांबीचं. युनिकोडच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवण-प्रकारात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. नावासाठी ६४ बाइटची जागा ठेवणाऱ्या प्रोग्रामरला वाटतं की ६४ अक्षरं मावतील. इंग्रजीची मावतात. मराठीची २१ चिन्हं मावतात, त्यात काना-मात्रा-वेलांट्याही आल्या, आणि बाविसावं चिन्ह अर्ध्यात कापलं गेल्यामुळे शेवटी कचरा दिसतो. किमान २५६ बाइट ठेवा आणि कापायचं झालं तर पूर्ण चिन्हावर कापा. हे काम एका दिवसाचं आहे. ते न करता 'भारतासाठी खास' असं खोक्यावर छापणं मला अपमानास्पद वाटतं.

प्रवचन, कीर्तन, पुस्तकवाचन ऐकणारे बरेच आहेत. दीड तासाची फाइल मध्येच थांबवली तर पुन्हा तिथूनच सुरू झाली पाहिजे. साधी गोष्ट वाटते, पण ती जागा साठवायची कुठे? छोट्या नॉर फ्लॅश चिपचा (वीज गेली तरी नोंद टिकवणाऱ्या मेमरीचा) एक कप्पा साधारण एक लाख वेळा पुसता येतो. दर सेकंदाला कप्पा पुसून नवी जागा लिहिली तर २८ तास ऐकल्यावर त्याचं आयुष्य संपतं. त्याऐवजी ४,०९६ बाइटच्या कप्प्यात ८-८ बाइटच्या नोंदी एकापुढे एक लिहीत जा आणि कप्पा भरल्यावरच पुसा. दर १० सेकंदांनी एक नोंद धरली तर ५१२ नोंदींना एकदा पुसणं, म्हणजे अखंड ऐकलं तरी सोळा वर्षं.

मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे केलेले असतील तर दोन तुकड्यांमध्ये क्षणभर शांतता येते आणि रसभंग होतो. एमपीथ्री बनवताना सुरुवातीला आणि शेवटी थोडे रिकामे नमुने (ध्वनीचे अगदी बारीक तुकडे) भरले जातात. लेमसारखा एन्कोडर (एमपीथ्री फाइल बनवणारा प्रोग्राम) ते किती हे फाइलच्या सुरुवातीला लिहून ठेवतो. प्लेअरने ते वाचून तेवढे नमुने गाळले आणि पुढची फाइल आधीच उघडून ठेवली की सांधा कळत नाही. कार्डाचंही तसंच आहे. ३२ जीबीपेक्षा मोठी मायक्रोएसडी कार्डं एक्सफॅट या फाइली मांडण्याच्या पद्धतीत येतात. फक्त जुनी फॅट३२ पद्धत वाचणारा प्लेअर 'कार्ड नाही' म्हणतो आणि ग्राहक सर्व्हिस सेंटर गाठतो. गाणी नावाच्या क्रमाने लावताना १, १०, २ असं न होता १, २, १० असंच झालं पाहिजे. ५,००० गाण्यांची यादी सेकंदाला १५ फाइली या वेगाने तयार व्हायला साडेपाच मिनिटं लागतात; पहिल्यांदा ठीक, पण नंतर फाइलचा आकार आणि तारीख ताडून फक्त नवी गाणीच वाचावीत.

बॅटरीबद्दल एक गोष्ट फार कमी लोक आधी लक्षात घेतात. प्लेअर बंद असतानाही बटणावर नजर ठेवायला थोडा प्रवाह लागतो. तो १०० मायक्रोॲम्पियर असेल तर दिवसाला २.४ मिलिॲम्पियर-तास जातात. अर्धी चार्ज करून पाठवलेली ४०० ची बॅटरी, म्हणजे २०० मिलिॲम्पियर-तास, ८३ दिवसांत रिकामी होते. जहाज, गोदाम, वितरक, दुकान या प्रवासात तीन महिने सहज जातात. लिथियमची बॅटरी त्याखाली उतरून पडून राहिली की खराब होते, आणि ग्राहकाला नवाकोरा प्लेअर मेलेलाच मिळतो. पाच-सात रुपयांचा लोड स्विच बसवून कारखान्यातून निघताना बॅटरी पूर्ण तोडून ठेवली, पहिल्यांदा केबल लावल्यावरच ती जोडली गेली, की ही गळती नगण्य होते. बॅटरी चिकटवू नका. दोन स्क्रू आणि एक कनेक्टर ठेवा. चार वर्षांनी बॅटरी बदलून देणारं सर्व्हिस सेंटर हीच महागड्या ब्रँडची स्वस्तातल्या गर्दीपुढची खरी जमेची बाजू आहे. चार्जिंगला यूएसबी-सीच. शफलच्या पुढच्या आवृत्त्या हेडफोनच्या भोकातून चार्ज व्हायच्या, ती खास केबल हरवली की प्लेअर निरुपयोगी.

आता नावाचा प्रश्न. मूळ नाव द्यायचं की उपब्रँड काढायचा? महागडे प्लेअर विकणाऱ्या ॲस्टेल अँड कर्न या ब्रँडच्या कंपनीने २०१८ मध्ये ॲक्टिवो नावाने २९९ डॉलरचा सीटी१० काढला, आत ॲस्टेल अँड कर्नचंच ध्वनी मॉड्यूल होतं. फिओ या चिनी प्लेअर-कंपनीने २०२५ मध्ये स्नोस्काय नावाने इको मिनी हा कॅसेटसारखा दिसणारा, साठेक डॉलरचा प्लेअर आणला. उपब्रँडमुळे महाग मॉडेलच्या गिऱ्हाइकाला ओशाळं वाटत नाही आणि प्रयोग फसला तर मूळ नावाला डाग लागत नाही. पण नवं नाव रुजवायला जाहिरात लागते, आणि वरच्या हिशोबात त्यासाठी ४०० च रुपये आहेत. माझा कल असा: ब्रँड अभियांत्रिकीसाठी ओळखला जात असेल तर मूळ नावच द्या आणि वस्तूचा आकार-घाट पूर्ण वेगळा ठेवा. महाग मॉडेलची छोटी, पातळ नक्कल काढली की दोघांची शेजारी शेजारी तुलना होते, आणि तिथेच विक्री खाल्ली जाते. ब्रँडची ओळख मुख्यतः ऐट आणि दुर्मिळता असेल तर उपब्रँड घ्या, किंवा या भानगडीत पडूच नका.

'नको' म्हणण्याची आणखी दोन कारणं आहेत. कंपनीकडे स्वतःची फर्मवेअर टीम नसेल आणि ती चीनमधल्या शेन्झेनच्या कारखान्यातून तयार प्लेअर घेऊन त्यावर आपला शिक्का मारणार असेल, तर थांबा. तोच प्लेअर दुसऱ्या नावाने निम्म्या किमतीत मिळतो हे ग्राहकाला आठवड्यात कळतं. आणि गोदामात उरलेल्या जुन्या चिप संपवण्यासाठी स्वस्त मॉडेल काढायचा बेत असेल तर तो सोडून द्या. त्या चिप संपतील, पण पुढची तीन वर्षं त्यांची फर्मवेअर तुम्हालाच सांभाळावी लागेल.

सगळं जमून आलं तरी पहिल्यांदा २०० नगच तयार करा, खऱ्या साच्यातून, खऱ्या जुळणी-साखळीवर. शंभर नग साठ ते पंच्याहत्तर वयाच्या माणसांना आणि शाळकरी मुलांना द्या, सूचनापत्र न देता, आणि पहिलं गाणं लागायला किती वेळ लागतो ते मोजा. पन्नासांना १६ ओहमच्या भारावर तपासा. उरलेले पन्नास खोक्यात बंद करून चार महिने गोदामाच्या उकाड्यात पडू द्या आणि मग उघडून पहिल्या प्रयत्नात किती सुरू होतात ते बघा. हे तीन निकाल टेबलावर येईपर्यंत ५०,००० ची ऑर्डर सोडू नका.